जग पुसण्याआधी : माइनक्राफ्टचा सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी

दहा-बारा पोरापोरींनी मिळून चालवलेला माइनक्राफ्टचा सर्व्हर तीन-चार महिन्यांत एका ठरलेल्या ठिकाणी येऊन अडतो. स्पॉनच्या आसपासचे हिरे संपलेले असतात. नेदर पोखरून झालेला असतो. एंडमधल्या जहाजांवरचे एलिट्रा कोणीतरी आधीच पळवलेले असतात. आणि ज्याच्या घरच्या लॅपटॉपवर सर्व्हर चालतो, त्याला रोज रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर तीच तक्रार ऐकावी लागते, ‘लॅग येतोय.’ मग कोणीतरी लिहितो, ‘रीसेट मार ना!’ ठाण्याजवळच्या आमच्या दिव्यात एकेका मजल्यावर पाच-सहा बिऱ्हाडे, त्यातल्या निम्म्यांत शाळकरी मुले, त्यामुळे असा सर्व्हर उभा राहायला एक सुट्टी पुरते. तो मोडायला एक रात्र.

हा लेख त्या लॅपटॉपवाल्यासाठी आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो : अख्खे जग पुसण्याची गरज फार क्वचित पडते. बहुतेक वेळा जगाचा एखादा भाग नवा करून काम भागते, आणि पुष्कळदा तेवढेही करावे लागत नाही. पुढचे मुख्यतः जावा आवृत्तीबद्दल आहे. मोबाइलवरच्या बेडरॉकबद्दल शेवटाकडे येतो. आज्ञा आणि फायलींची नावे इथे देवनागरीत दिली आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन लिपीत करायची.

जग म्हणजे एक फोल्डर

सर्व्हरच्या फोल्डरात ‘वर्ल्ड’ नावाचा फोल्डर असतो. तुमचे सगळ्यांचे तीन महिन्यांचे काम त्यात आहे. त्यातली ‘लेव्हल डॉट डॅट’ ही छोटी फाइल म्हणजे जगाची कुंडली : सीड, वेळ, हवामान, गेमरूल, स्पॉनची जागा. ‘प्लेअरडेटा’मध्ये प्रत्येक खेळाडूचे सामान, एंडर चेस्ट, एक्सपी आणि तो शेवटी जिथे उभा होता ती जागा. ‘रीजन’मध्ये जमीन.

ही जमीन १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चंकमध्ये कापलेली असते. ३२ बाय ३२ चंक मिळून एक रीजन फाइल होते, म्हणजे एका फाइलीत ५१२ बाय ५१२ ठोकळ्यांचा चौक. फाइलीच्या नावातच तिची जागा असते. खेळात एफ-३ दाबून एक्स आणि झेड बघा, दोन्हींना ५१२ने भागा आणि खालचा पूर्णांक घ्या. एक्स १३०० आणि झेड उणे ७०० असेल तर फाइल ‘आर डॉट २ डॉट उणे २’. उणे आकड्यात अनेकजण चुकतात : उणे ७०० भागिले ५१२ म्हणजे उणे १.३७, आणि त्याच्या खालचा पूर्णांक उणे २, उणे १ नव्हे. हे गणित एकदा हातात बसले की अर्ध्याहून अधिक संकटे जग न पुसता निस्तरता येतात. १.१७ आवृत्तीपासून प्राणी, गावकरी वगैरे ‘एन्टिटीज’ या वेगळ्या फोल्डरात राहतात, आणि गावकऱ्यांच्या खाटा, कामाच्या जागा, पोर्टल यांची नोंद ‘पीओआय’मध्ये. रीजनची एखादी फाइल बदललीत तर याच नावाच्या त्या दोन्ही फायलीही बदला. नाहीतर जमीन नवी आणि गाई जुन्या, असा प्रकार होतो.

साध्या सर्व्हरवर नेदर आणि एंड याच फोल्डराच्या पोटात ‘डिम उणे १’ आणि ‘डिम १’ या नावांनी असतात. प्लगइन चालवणारे पेपर किंवा स्पिगॉट वापरत असाल तर त्यांचे ‘वर्ल्ड_नेदर’ आणि ‘वर्ल्ड_द_एंड’ असे वेगळे फोल्डर दिसतील. आवृत्तीनुसार ही मांडणी बदलते, म्हणून हात लावण्याआधी आपला फोल्डर उघडून एकदा नीट पाहा. व्हाइटलिस्ट, ऑपची यादी आणि प्लगइन मात्र जगाच्या फोल्डराबाहेर असतात. जग गेले तरी ती राहतात. हे सोयीचे आहे, आणि पुढे दिसेल तसे गैरसोयीचेही.

आधी दुखणे ओळखा

‘रीसेट मार’ म्हणणाऱ्याला विचारा, नक्की काय खुपते आहे? उत्तर बहुधा ‘लॅग’ असते, आणि तिथेच सगळ्यात मोठा गैरसमज आहे. हार्ड डिस्कवर जग किती मोठे आहे याचा लॅगशी जवळजवळ संबंध नाही. ज्या चंकच्या आसपास कोणी नाही ते नुसते फाइलीत झोपलेले असतात. लॅग येतो तो त्या क्षणी जागे असलेल्या चंकमुळे, आणि त्यात कोंडलेल्या दोनशे कोंबड्या, शंभर हॉपर आणि कोणाच्या तरी गावकऱ्यांच्या बाजारामुळे. रीसेट केल्यावर खेळ सुरळीत चालतो हे खरे, कारण फार्म गेलेले असतात. दोन महिन्यांनी फार्म परत उभे राहतात आणि लॅगही परत येतो. आजार रेड्याला आणि औषध पखालीला!

त्याऐवजी ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’ उघडा. ‘व्ह्यू-डिस्टन्स’ आणि ‘सिम्युलेशन-डिस्टन्स’ हे दोन्ही मुळात १० असतात. घरच्या लॅपटॉपवर पहिला ७ आणि दुसरा ५ करून बघा. फरक त्याच रात्री कळेल. तरीही अडकत असेल तर ‘स्पार्क’ नावाचे प्लगइन टाका. वेळ नक्की कुठे जातो ते ते दाखवते, आणि मग कोणाच्या फार्मला कात्री लावायची यावर भांडण न होता बोलता येते.

दुसरे दुखणे नासधूस. कोणीतरी रागाने दुसऱ्याचे घर जाळले. यालाही रीसेट हे उत्तर नाही. ‘कोअरप्रोटेक्ट’ प्लगइन कोणी कोणता ठोकळा कधी तोडला याची नोंद ठेवते, आणि एकाच खेळाडूचे मागच्या दोन तासांतले उद्योग उलटे फिरवता येतात. मात्र ते आधीपासून बसवलेले असायला हवे. घर जळल्यावर बसवून उपयोग नाही. आणि व्हाइटलिस्ट चालू ठेवा. शाळेतल्या मित्राच्या मित्राला पत्ता देणे म्हणजे अख्ख्या दिव्याला देणे.

इथे एक इशारा. अधिकृत खाते नसलेल्या मित्रांसाठी काहीजण ‘ऑनलाइन-मोड’ बंद करतात. तसे केले की नावाची खातरजमा होत नाही, म्हणजे कोणीही तुमचे नाव लावून आत येऊन ऑप होऊ शकतो. दुसरे म्हणजे, हा मोड मध्येच चालू-बंद केला की प्रत्येक खेळाडूचा ओळख क्रमांक बदलतो आणि सगळे रिकाम्या हाताने स्पॉनवर उभे राहतात. ‘रीसेट झाला!’ म्हणून ओरड होते. झालेला नसतो. जुन्या क्रमांकाच्या फायली प्लेअरडेटात तशाच असतात, मोड पूर्ववत केला की सामान परत येते.

उरली तीन कारणे : खनिज संपले, नवी आवृत्ती आली, किंवा सगळे कंटाळले. पहिल्या दोन कारणांना अर्धा रीसेट पुरतो. पूर्ण रीसेटचे खरे आणि मानाचे कारण फक्त तिसरे.

वीज, आणि बॅकअप

दिव्यात राहणाऱ्याला वीज जाण्याबद्दल नवीन काय सांगणार? पण सर्व्हरसाठी ती नुसती गैरसोय नसते. जावा सर्व्हर साधारण दर ५ मिनिटांनी जग डिस्कवर लिहितो. वीज त्या लिहिण्याच्या मधोमध गेली तर फाइल अर्धी जुनी, अर्धी नवी राहू शकते. मग जग उघडतच नाही, किंवा उघडते पण कोणाच्या तरी घराच्या जागी सपाट मैदान नाहीतर भलताच डोंगर दिसतो. पावसाळ्यात, दिवसातून दोन-तीनदा वीज जाते तेव्हा, ही शक्यता वाढते.

म्हणून इकडे सर्व्हरसाठी डेस्कटॉपपेक्षा जुना लॅपटॉप बरा. बॅटरी निम्मी मेलेली असली तरी वीस मिनिटे देते, आणि सर्व्हर नीट बंद करायला अर्धे मिनिट लागते. डेस्कटॉपच असेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या. त्यावर दहा-एक मिनिटे मिळतात. त्या वेळात ‘आता ही लढाई संपवू दे’ असे कोणी म्हणेल, ऐकू नका. कन्सोलवर ‘स्टॉप’ टाइप करा आणि जग सेव्ह झाल्याचा संदेश येईपर्यंत थांबा. खिडकीच्या कोपऱ्यातली फुली दाबणे आणि वीज जाणे, जगाच्या दृष्टीने फारसे वेगळे नाही.

तरी एखादे दिवशी घात होतोच. जग उघडत नसेल तर पहिल्यांदा ‘लेव्हल डॉट डॅट’ बाजूला काढा आणि शेजारच्या ‘लेव्हल डॉट डॅट_ओल्ड’ची प्रत करून तिला मूळ नाव द्या. ती खेळाने स्वतःहून जपलेली आधीची प्रत असते. एकच जागा बिघडली असेल तर वरचे गणित करून त्या रीजनची फाइल बॅकअपमधून आणून ठेवा, सर्व्हर बंद असताना. एका कोपऱ्यातले दोन दिवसांचे काम जाईल, बाकीचे जग वाचेल.

अर्थात त्यासाठी बॅकअप हवा. चालू सर्व्हरचा फोल्डर नुसता कॉपी करू नका, त्यात अर्धवट लिहिलेल्या फायली येऊ शकतात. आधी ‘सेव्ह-ऑफ’, मग ‘सेव्ह-ऑल फ्लश’, मग कॉपी, आणि शेवटी ‘सेव्ह-ऑन’. शेवटची आज्ञा विसरणारे मी इतके पाहिले आहेत की पुन्हा लिहितो : सेव्ह-ऑन. ती राहिली तर आपोआप होणारे सेव्ह थांबलेले असते आणि ते कोणाला कळतही नाही. नंतर वीज गेली की सगळ्यांची अख्खी संध्याकाळ वाया. सोपा मार्ग हवा असेल तर पहाटे, कोणी खेळत नसताना, सर्व्हर बंद करून फोल्डर झिप करा आणि पुन्हा सुरू करा. एवढी स्क्रिप्ट दहावीतला मुलगा लिहू शकतो.

शेवटच्या सात दिवसांच्या सात प्रती आणि त्याआधीच्या महिन्याच्या दर आठवड्याची एक, इतक्या ठेवल्या की पुरे. मात्र सगळ्या त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. गुगलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते, बारा पोरांच्या जगाला ती बराच काळ पुरते. आणि महिन्यातून एकदा एखादी झिप उलगडून सिंगलप्लेअरमध्ये जग उघडून बघा. न उघडून पाहिलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवायचा नसतो.

अर्धा रीसेट

नेदर नवा करणे सगळ्यात सोपे. सगळ्यांना बाहेर, मूळ जगात यायला सांगा. जो नेदरमध्ये लॉगआउट झाला असेल तो रीसेटनंतर लाव्ह्यात किंवा दगडात उठू शकतो. सर्व्हर बंद करा, नेदरच्या फोल्डराचे नाव बदला (पुसू नका, नुसते नाव बदला), आणि सर्व्हर सुरू करा. नवा नेदर तयार होईल. पण एक लक्षात घ्या : सीड तोच असल्यामुळे नेदरही जसाच्या तसा उगवतो. किल्ले त्याच जागी, एन्शंट डेब्रीही त्याच जागी. ज्याने मागच्या वेळी वहीत आकडे लिहून ठेवले असतील तो पहिल्याच संध्याकाळी नेदराइटचे चिलखत घालून फिरेल. ते नको असेल तर ‘मल्टिव्हर्स’ प्लगइनने नव्या सीडसह नेदर बनवावा लागेल. दुसरी गोष्ट पोर्टलची. मूळ जगातले एक पाऊल म्हणजे नेदरमधले एक अष्टमांश. या हिशेबाने ज्यांनी पोर्टल जुळवून ठेवली होती त्यांना ती पुन्हा जुळवावी लागतील, नाहीतर दोघे शेजारी नेदरमध्ये एकाच दारातून बाहेर पडतील. आणि नेदरमध्ये कोणी सोन्याचे फार्म बांधले असेल तर आधी त्याला विचारा.

एंडचे प्रकरण जरा नाजूक. एका जहाजावर एकच एलिट्रा असतो, त्यामुळे खेळाडू वाढले की एंड लवकर संपतो. पण अख्खा एंड पुसला की मधले बेटही जाते, आणि साध्या सर्व्हरवर ड्रॅगन मेल्याची नोंद ‘लेव्हल डॉट डॅट’मध्ये राहून गोंधळ होतो. त्यापेक्षा मधले बेट ठेवून बाहेरची बेटे नवी करा. शून्याभोवतीच्या चार फायली (०-०, उणे १-०, ०-उणे १, उणे १-उणे १) राखायच्या आणि बाकीच्या बाजूला काढायच्या. बाहेरची बेटे साधारण हजार ठोकळ्यांपलीकडे सुरू होतात, त्यामुळे मधल्या बेटाला धक्का लागत नाही. एक मेख आहे : गेटवेतून पहिल्यांदा पलीकडे जाताना परतीचा गेटवे तयार झालेला असतो, तो या छाटणीत पुसला जातो. म्हणून पहिल्या खेपेस ऑपने सोबत जावे आणि परतीची सोय पाहावी, नाहीतर सातवीतला कोणीतरी रात्री अकराला एंडमध्ये अडकून तुम्हाला फोन करील.

नव्या आवृत्तीचे वेगळे. खेळात नवीन आलेली भूरचना आणि वास्तू साधारणपणे नव्याने तयार होणाऱ्या चंकमध्येच दिसतात. २०२४च्या जूनमध्ये १.२१ आली आणि ट्रायल चेंबर आले, पण जिथे तुम्ही आधी फिरून आला आहात तिथे ते उगवणार नाहीत. यासाठी ‘एमसीए सिलेक्टर’ नावाचे मोफत साधन आहे. जगाचा नकाशा दाखवते आणि नको ते चंक निवडून पुसू देते. प्रत्येक चंकमध्ये ‘इन्हॅबिटेड टाइम’ हा आकडा असतो, म्हणजे खेळाडू तिथे एकूण किती टिक होते. सेकंदाला २० टिक, म्हणजे ५ मिनिटांचे ६०००. त्याहून कमी आकडा असलेले चंक पुसायचे, म्हणजे जिथून कोणी नुसते धावत गेले तेवढेच नवे होतात.

पण हा आकडा डोळे झाकून वापरू नका. समजा पोरांनी दिवा जंक्शन बांधले आहे, फलाट, फाटक, पूल सगळे, आणि तिथून एक रूळ वसईकडे, एक पनवेलकडे काढला आहे. स्टेशनवर तासन्‌तास काम झाले, तिथला आकडा मोठा. पण रूळ टाकणारा एकेका चंकमधून चुटकीसरशी पुढे गेला, त्यामुळे तिथला आकडा लहान. साधन तो रूळ निर्दयपणे कापून टाकील आणि कोपर सोडताच गाडी जंगलात जाईल. नकाशावर रूळ, रस्ते, बोगदे हाताने निवडून वगळा. आणि हे काम जगाच्या प्रतीवर करा, मूळ जगावर नव्हे. आवृत्ती वाढवतानाही तसेच : नव्या आवृत्तीत उघडलेले जग जुन्या आवृत्तीत परत नेता येत नाही.

खनिजाचा कायमचा उपाय म्हणजे दोन जगे. एक राहण्याचे, ते कधीच पुसायचे नाही. दुसरे खणण्याचे, मल्टिव्हर्सने बनवलेले, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नवे होणारे. तिथे घर बांधायचे नाही हा नियम स्पॉनवरच पाटी लावून लिहा. दहाहून जास्त खेळाडू असतील तर मी याहून चांगली रचना पाहिलेली नाही. राहण्याच्या जगाला सीमाही घाला. ‘वर्ल्डबॉर्डर सेट ६०००’ म्हटले की मध्यापासून चारी बाजूंना ३००० ठोकळे मिळतात (तो आकडा पूर्ण रुंदीचा असतो, त्रिज्येचा नाही). मग ‘चंकी’ प्लगइनने रात्रभरात तेवढी जमीन आधीच तयार करून ठेवली की पहिल्या दिवशीची धावपळही अडखळत नाही.

पूर्ण रीसेट : तारीख आधी, काम नंतर

आता तिसरे कारण, कंटाळा. सगळ्यांकडे सगळे आहे, करायला काही उरले नाही. अशा वेळी नवे जग हाच उपाय, आणि तो आनंदाचा असू शकतो. दिवाळीत मातीचा किल्ला करणारी मुले तो नंतर मोडताना रडत नाहीत, कारण तो दिवाळीपुरता आहे हे पहिल्या टोपलीपासून ठाऊक असते. सर्व्हरवर रडारड होते ती रीसेटमुळे नाही, अचानक झालेल्या रीसेटमुळे होते. ‘रस्ट’ या खेळात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सगळ्या सर्व्हरचे जग पुसले जाते. खेळाडू त्या गुरुवारची वाट बघतात. दुसऱ्या टोकाला ‘टूबीटूटी’ हा माइनक्राफ्टचा सर्व्हर : डिसेंबर २०१० पासून तेच जग, एकदाही रीसेट नाही. दोन्ही चालतात, कारण दोन्हीकडे नियम सगळ्यांना माहीत आहे. तुमचा नियम कोणता ते जग सुरू होतानाच सांगा.

तारीख ठरवताना कॅलेंडर समोर घ्या. दिव्यात कोकणातली कुटुंबे पुष्कळ. मे महिन्यात आणि गणपतीत अर्धे खेळाडू गावी असतात, सावंतवाडी पॅसेंजरमध्ये नाहीतर रेंज नसलेल्या वाडीत. ते गावी असताना जग पुसले तर परतल्यावर सर्व्हर फुटलाच म्हणून समजा. फेब्रुवारी-मार्चही टाळा. दहावी-बारावीवाले परीक्षेला बसलेले असताना बाकीच्यांनी नव्या जगात पुढे निघून जाणे बरोबर नाही. शाळा सुरू होतानाचा जूनचा रविवार किंवा दिवाळीच्या सुट्टीचा पहिला दिवस उत्तम.

निदान दोन आठवडे आधी ग्रुपवर असे काहीतरी टाका :

‘मंडळी, सध्याचे जग रविवारी १४ जूनला सकाळी १० वाजता बंद होईल. नवे जग त्याच दिवशी ४ वाजता सुरू. सामान, एक्सपी, घरे, पैसे काहीही पुढे जाणार नाही. नवीन जगात न्यायची एक इमारत ग्रुपने मतदानाने ठरवायची, शनिवारपर्यंत. जुन्या जगाची झिप सगळ्यांना मिळेल. कोणाला तारीख अडचणीची असेल तर या आठवड्यात सांगा, नंतर नाही.’

सामान पुढे न नेण्याबद्दल मी हट्टी आहे. प्लेअरडेटाचा फोल्डर नव्या जगात कॉपी करून सामान नेता येते हे खरे. पण त्याबरोबर जुनी जागाही येते, आणि खेळाडू नव्या डोंगराच्या पोटात किंवा समुद्रात उठतो. त्याहून वाईट म्हणजे ज्याच्याकडे हिऱ्यांच्या पेट्या आहेत तो पहिल्या मिनिटापासून श्रीमंत, मग नवे जग कशाला? इमारत नेणे वेगळे. ‘वर्ल्डएडिट’ने ती स्केमॅटिक म्हणून जतन करता येते आणि नव्या जगात हवी तिथे ठेवता येते. एक, फार तर दोन.

प्रत्यक्ष रीसेट काहीच नाही. सर्व्हर बंद करा, शेवटचा बॅकअप घ्या, आणि ‘सर्व्हर डॉट प्रॉपर्टीज’मध्ये ‘लेव्हल-नेम’ बदलून दुसरे नाव लिहा. सर्व्हर त्या नावाचा नवा फोल्डर बनवील, जुना शेजारी सुखरूप राहील. डिलीटचे बटण दाबायचेच नाही. ‘लेव्हल-सीड’ रिकामा ठेवा किंवा सिंगलप्लेअरमध्ये दोन-तीन सीड पाहून चांगला निवडा, पण तो पाहणारा एकच असावा आणि त्याने तोंड बंद ठेवावे.

मग येते मघाशी म्हटलेली गैरसोय. प्लगइनची माहिती जगाबाहेर असते, म्हणून ती रीसेट होत नाही. कोणी ‘होम’ आज्ञा दिली की जुन्या घराच्या आकड्यांवर जाऊन पोहोचतो आणि तिथे आता कडा असतो. जुने पैसे शिल्लक, जुन्या जमिनींचे दावे अजून लागू, आणि रिकाम्या माळावर ‘ही जागा अमक्याची आहे’ असा संदेश. एसेन्शियल्स प्लगइनमधली खेळाडूंची माहिती, अर्थव्यवस्थेचा हिशेब, जमिनीच्या दाव्यांचा फोल्डर, कोअरप्रोटेक्टची नोंदवही, हे सगळे बाजूला काढूनच नवा सर्व्हर उघडा. सेटिंगच्या फायली मात्र राहू द्या.

मोबाइलवाले, भाड्याचे सर्व्हर आणि वर्गणी

बेडरॉकचा स्वतंत्र सर्व्हर चालवत असाल तर वरचे रीजन फायलींचे गणित लागू नाही. तिथे जग ‘वर्ल्ड्‌स’ फोल्डरात ‘डीबी’ नावाच्या एका डेटाबेसमध्ये असते, आणि त्यातली एखादी फाइल काढली की सगळेच बिघडू शकते. चालू सर्व्हरच्या बॅकअपसाठी ‘सेव्ह होल्ड’, मग ‘सेव्ह क्वेरी’, कॉपी, आणि ‘सेव्ह रिझ्यूम’. भाग पुसायचा असेल तर ‘अम्युलेट’सारखे साधन लागते. अर्धे मोबाइलवर आणि अर्धे संगणकावर असतील तर जावा सर्व्हरवर ‘गायझर’ बसवून सगळ्यांना एकत्र आणता येते, आणि मग जग जावाचेच राहते. मला ते बरे वाटते.

घरी सर्व्हर नको म्हणून अनेकजण ‘अ‍ॅटर्नोस’सारखी मोफत सेवा वापरतात. तिथे विजेची चिंता नाही, जग डाउनलोड करता येते, बॅकअप स्वतःच्या गुगल ड्राइव्हवर टाकता येतो. तो टाका. दुसऱ्याच्या मोफत संगणकावरचे जग आपले म्हणवून घ्यायचे तर त्याची प्रत आपल्याकडे हवी.

वर्गणी काढून सर्व्हर भाड्याने घेतला असेल तर हिशेब ग्रुपवर ठेवा, अगदी पन्नास-पन्नास रुपये असले तरी. मोजांगच्या नियमांनुसार पैशाच्या बदल्यात खेळात सरसपणा देता येत नाही. हिऱ्यांची तलवार विकायची नाही. नियम बाजूला ठेवला तरी, ज्याने पैसे मोजून वस्तू घेतली त्याला रीसेटच्या दिवशी काय उत्तर देणार?

शेवटचे, अधिकारांबद्दल. कन्सोलचा पासवर्ड दोघांकडे हवा, एकाकडे नाही आणि पाचजणांकडेही नाही. रीसेट, छाटणी किंवा आवृत्ती बदल यांपैकी काहीही करताना दुसऱ्याला आधी कळवायचे. आणि आज रात्री, हा लेख बाजूला ठेवण्याआधी, सगळे लॉगआउट झाले की कन्सोलवर ‘स्टॉप’ टाइप करा, ‘वर्ल्ड’ फोल्डर झिप करा आणि एक प्रत मित्राकडे पाठवा. लॅपटॉप घरातल्या मोठ्यांचा असेल तर तो कोणत्या वेळात चालू राहणार हेही त्यांच्याशी ठरवून घ्या, कारण मल्टिव्हर्स, कोअरप्रोटेक्ट यांच्यापैकी कोणीही आईने मागून प्लग काढल्यावर मदतीला येत नाही.